‘स्वभावच तसा झाला’ म्हणण्याआधी: चिंता आणि ताण ओळखून सैल करण्याची पद्धत

घरातलं एखादं माणूस वर्षभरात बदलून जातं. पाहुणे आले की स्वतः गाडी काढून तर्रीपोहे आणणारा गृहस्थ आता दाराची बेल वाजली तरी कपाळाला आठ्या घालतो. नवऱ्याला उशीर झाला तर जेवून निवांत झोपणारी बाई आता साडेआठपासून चार फोन करते. कॉलेजातली हुशार पोरगी साधा फॉर्म भरायला तीन दिवस लावते. घरचे आधी विचारतात, ‘काहून चिडून राहिली?’ मग विचारणं सोडतात आणि म्हणतात, ‘आता स्वभावच तसा झाला.’ स्वभावाला औषध नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे विषय तिथेच मिटतो.

मिटू देऊ नका. ज्याला घरात स्वभाव म्हणतात, त्यातला बराच भाग साचलेल्या भीतीने लावलेल्या सवयींचा असतो. सवय कशी लागली हे दिसलं की ती सोडवता येते. खालची पद्धत त्यासाठी आहे. तिला एक शंभर पानी वही, घरातल्या एका माणसाची साथ आणि सहा ते आठ आठवडे एवढं लागतं.

आधी खुंटी शोधा

ताणाला खुंटी असते. मार्चअखेरचा हिशेब, बहिणीचं लग्न, नीटची परीक्षा, नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्याची रात्रपाळी. खुंटी गेली की ताण उतरतो. चिंतेचं तसं नसतं. एक खुंटी गेली की ती दुसरी धरते: मुलाचा निकाल लागला की हॉस्टेलची, हॉस्टेल मिळालं की तिथल्या जेवणाची, जेवण बरं निघालं की रस्त्यावरच्या गाड्यांची. स्वतःला विचारून बघा, गेल्या सहा महिन्यांत काळजीचे विषय बदलले, पण काळजीचं वजन तेवढंच राहिलं का? उत्तर ‘हो’ असेल तर एकेक विषय सोडवत बसून हाती काही लागणार नाही. काळजी करण्याची रीतच बदलावी लागेल.

काही माणसं उपजतच हळवी, सावध असतात, आणि ती तशीच छान असतात. फरक ओळखायला ‘कधीपासून?’ हा प्रश्न पुरतो. हे उत्तर स्वतः देऊ नका, भावाला किंवा जुन्या मैत्रिणीला विचारा. ‘बाबांच्या बायपासनंतर’, ‘प्रमोशन झाल्यापासून’, असं काही उत्तर आलं, म्हणजे बदलाला तारीख लागली, तर तो सहसा स्वभाव नसतो.

अंगात काय घडतं

धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग, विचार पूर्ण व्हायच्या आत इशारा देतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठतात, पोटाचं काम मंदावतं. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये याचं वर्णन लढण्याची किंवा पळण्याची तयारी असं केलं. मागून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक येतं आणि ही तयारी टिकवून धरतं. समोर बिबट्या असेल तर हे सगळं जीव वाचवणारं आहे. पण साहेबाच्या ‘जरा येऊन भेटा’ या मेसेजलाही शरीर तेवढीच तयारी करतं आणि तिथे ना लढता येतं, ना पळता येतं.

पोटात गोळा, घशात आवंढा, मानेला ओढ, सकाळी दुखणारा जबडा, वरचेवर लघवीला जावं लागणं, ही सगळी त्याच तयारीची उरलेली बिलं. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर पाऊण तासाच्या आत सर्वांत वर असतं. म्हणून पुष्कळांना डोळे उघडताच धस्स होतं आणि संध्याकाळी बरं वाटतं. सकाळच्या त्या तासात नोकरी सोडण्याचे किंवा नातं तोडण्याचे निर्णय घेऊ नयेत.

भावना आणि वागणं कुठे कुठे बदलतं

सर्वांत आधी राग. चिंतेचं हे रूप सर्वांत जास्त चुकीचं वाचलं जातं. शरीर लढायला तयार आहे आणि समोर बायको ‘गॅस सिलिंडर संपलं’ म्हणते, एवढंच निमित्त पुरतं. त्यातही आपल्याकडे पुरुषाने ‘मला भीती वाटते’ म्हणायची सोय नाही, ओरडायची मात्र आहे. म्हणून कर्जाच्या हप्त्याची भीती जेवणाच्या ताटावर मिठावरून निघते. घरातल्यांनी चिडचिडीची वेळ लिहून ठेवली तर बहुतेकदा दिसतं, की ती महिन्याच्या ठरावीक तारखांना, रविवारी संध्याकाळी किंवा एका विशिष्ट फोननंतर येते. स्वभाव असा कॅलेंडर बघून चालत नाही.

दुसरं, विसरणं. चष्मा, किल्ली, गॅस बंद केला की नाही. चाळिशीतले लोक स्मृतिभ्रंशाच्या भीतीने येतात, पण तपासात बहुतेकदा स्मरणशक्ती ठीक निघते. मन दुसरीकडे असताना ठेवलेली किल्ली आठवत नाही, कारण ती मुळात नोंदलीच गेलेली नसते.

तिसरं, निर्णय लांबवणं. चुकीची भीती इतकी मोठी होते की दोन कुलरपैकी एक निवडायला पंधरा दिवस लागतात. लोक याला आळस म्हणतात. आळशी माणूस त्या पंधरा दिवसांत मजेत असतो. हा माणूस रोज रात्री मोबाइलवर दोन्हींची तुलना करतो आणि थकतो.

चौथं कुणी बोलून दाखवत नाही. आनंद अर्धवट होतो. घर झालं, नातू झाला, आणि मनात पहिलं वाक्य येतं: इतकं चांगलं चाललंय, म्हणजे आता काहीतरी होणार. मग माणूस आनंदाला हात लावायलाच बिचकतो, फोटोत हसतो आणि आतून कोरडा राहतो. घरचे म्हणतात ‘याला कशाचंच कौतुक नाही’. कौतुक असतं, ते दाखवायची भीती असते.

पहिले दोन आठवडे: फक्त नोंद

उपाय लगेच सुरू करू नका. आधी वहीत रोजच्या पानावर पाच रकाने आखा: वेळ, कुठे आणि काय चाललं होतं, अंगात काय झालं, मनात आलेलं नेमकं वाक्य, आणि त्यावर तुम्ही काय केलं. बाजूला त्रासाला ० ते १० पैकी आकडा. एका नोंदीला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत. दिवसाला दोन-तीन पुरतात.

नमुना असा: ‘मंगळवार, ११.४०. ऑफिस, साहेबांचा मेसेज. छातीत धस्स, तळहात ओले. “काढून टाकणार.” मेसेज न उघडता चहाला खाली गेलो. ८.’

यात सर्वांत जास्त चुका चौथ्या रकान्यात होतात. लोक ‘टेन्शन आलं’ असं लिहितात. ते वाक्य नाही, निष्कर्ष आहे. ‘काढून टाकणार’ हे वाक्य आहे. ते खरं ठरलं की नाही, हे आठ दिवसांनी बघता येतं. दुसरी चूक, रात्री झोपताना सगळा दिवस आठवून लिहिणं. तोपर्यंत ८ चा ५ झालेला असतो किंवा १०. घटना घडल्यापासून तासाभरात लिहा, वही जवळ नसेल तर मोबाइलवर दोन शब्द टिपून ठेवा.

चौदा दिवसांनी शेवटचा रकाना वरून खाली वाचा. तिथे प्रामुख्याने दोनच गोष्टी सापडतील: कुठेतरी टाळलं, किंवा कुणाकडून तरी खात्री करून घेतली. चिंता स्वभावात मुरते ती या दोन वाटांनी. म्हणून पुढचा सगळा जोर तिथेच लावायचा आहे.

टाळणं सोडवण्याची शिडी

टाळलं की भीती त्या क्षणी उतरते. मेंदू त्यातून चुकीचा धडा घेतो: ‘टाळलं म्हणून वाचलो.’ पुढच्या वेळी भीती थोडी लवकर येते आणि थोडी मोठी येते. आधी गर्दीची मेट्रो सुटते, मग मेट्रोच, मग बर्डीला (नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारात) जाणं, मग लग्नसमारंभ, आणि दोन वर्षांनी नातेवाईक म्हणतात, ‘फार माणूसघाणा झाला.’

उलट जायचं तर पायऱ्या पाडाव्या लागतात. मेट्रोत जीव घाबरा होतो असं धरू. सर्वांत सोप्या पायरीला ३ आणि सर्वांत कठीण पायरीला ९ असे आकडे देऊन शिडी अशी होईल:

१. सीताबर्डी स्थानकात तिकीट काढून फलाटावर वीस मिनिटं थांबणं, गाडीत न चढता. (३)
२. दुपारच्या वेळी कुणाला तरी सोबत घेऊन सीताबर्डी ते झाशी राणी चौक आणि परत. (४)
३. तेच अंतर एकट्याने. (५)
४. एकट्याने सीताबर्डी ते लोकमान्य नगर, बसायला जागा असताना. (७)
५. संध्याकाळी ऑफिस सुटण्याच्या वेळी, उभ्याने, सीताबर्डी ते खापरी. (९)

प्रत्येक पायरी आठवड्यात निदान तीन-चारदा करायची. आठवड्यातून एकदा केली तर मधल्या सहा दिवसांत भीती पुन्हा आपली जागा घेते. निघण्यापूर्वी वहीत लिहा, ‘काय होईल असं वाटतं?’ उदाहरणार्थ, ‘चक्कर येऊन पडेन’. परत आल्यावर समोर लिहा, ‘काय झालं?’ हे एक वाक्य सगळ्या व्यायामाचं फळ आहे, ते लिहिल्याशिवाय पायरी पूर्ण झाली असं समजू नका. आकडा दोन-तीनवर आला, किंवा ७ असूनही ‘७ होता, तरी काही झालं नाही’ असं ठामपणे म्हणता आलं, की पुढची पायरी.

आता बिघडतं कुठे. एक स्थानकाचा प्रवास काही मिनिटांत संपतो, भीती अजून चढतीवर असते आणि माणूस उतरून जातो. मग मेंदूला पुन्हा ‘सुटलो’ हाच धडा मिळतो. तेवढ्याने थांबू नका, भीती उतरणीला लागेपर्यंत ये-जा चालू ठेवा. घाबरण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग आपोआप ओसरू लागतो, हे लक्षात असू द्या. दुसरा बिघाड कुबड्यांचा: खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली, कानाला बायकोचा चालू फोन, दाराशीच उभं राहणं. कुबडी असली की श्रेय कुबडीला जातं. पहिल्या दोन पायऱ्यांवर एखादी चालेल, तिसऱ्यापासून एकेक घरी ठेवा. तिसरा बिघाड उत्साहाचा आहे. पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून थेट पाचवी पायरी, आणि तिथून पळ. तसं झालं तर खचू नका, एक पायरी खाली या आणि दुसऱ्याच दिवशी करा.

हीच शिडी फोन उचलण्याची, बँकेत जाण्याची, मीटिंगमध्ये बोलण्याची, नातेवाइकांकडे मुक्कामाची करता येते. खरा धोका असलेल्या गोष्टींची मात्र करू नये. रिंग रोडवर रात्री हेल्मेट न घालता गाडी चालवायची भीती योग्यच आहे.

खात्री करून घेण्याची सवय

नागपुरातल्या कितीतरी घरांतली मुलं पुण्याला, बेंगळुरूला आहेत. ‘पोहोचलास का?’ हा प्रश्न मायेचा आहे. पण सकाळी उठलास का, जेवलास का, रूमवर आलास का, व्हॉट्सॲपवर रात्री दोनला ऑनलाइन कसा, असे दिवसाला दहा प्रश्न झाले की ते चिंतेचे असतात. ‘हो आई, ठीक आहे’ हे उत्तर तासभर पुरतं, मग अर्धा तास, मग दहा मिनिटं. मुलगा वैतागून फोन उचलेनासा होतो, आणि आईची भीती त्यामुळे खरी वाटायला लागते. याच जातीच्या सवयी: कुलूप चारदा ओढून बघणं, इंटरनेटवर लक्षणं शोधणं, एकाच दुखण्यासाठी तीन डॉक्टर, ‘मी काही चुकीचं बोललो का?’ असं घरी येऊन विचारणं.

ही सवय एकट्याने सुटत नाही, कारण उत्तर देणारा दुसरा असतो. दोघांनी शांत वेळी बसून ठरवायचं. पहिल्या आठवड्यात फक्त मोजायचं, किती वेळा विचारलं. समजा दहा. दुसऱ्या आठवड्यात सहा, तिसऱ्यात तीन, चौथ्यात रात्री नऊचा एकच फोन, आणि त्या फोनवर तब्येतीची चौकशी सोडून खऱ्या गप्पा. मधल्या वेळात विचारावंसं वाटलं की घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबायचं, मग वाटलं तर विचारायचं. पुष्कळदा पंधराव्या मिनिटाला गरज राहत नाही. पुढच्या आठवड्यात तीस मिनिटं.

उत्तर देणाऱ्याने ‘किती वेळा विचारतेस गं!’ असं म्हणायचं नाही. ठरवलेलं एकच वाक्य मायेने म्हणायचं: ‘आई, हा प्रश्न काळजीचा आहे, आपलं ठरलंय ना, नऊला बोलू.’ पहिले चार-पाच दिवस त्रास वाढतो. रडणं, रुसणं, ‘तुला माझी पर्वा नाही’ हे सगळं होतं. त्या दिवसांत एकदा जरी कंटाळून उत्तर दिलं, तर मेंदू शिकतो की जास्त ताणलं की मिळतं, आणि मग सवय पूर्वीपेक्षा घट्ट होते. म्हणून सुरुवात सणवाराच्या किंवा परीक्षेच्या आठवड्यात करू नका.

श्वास: कसा, किती, आणि का फसतो

घाबरल्यावर ‘मोठा श्वास घे’ असं सांगतात. तो सल्ला अर्धा चुकीचा आहे. भीतीत माणूस आधीच जास्त हवा घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. त्यावर आणखी मोठे श्वास घेतले की मुंग्या वाढतात. लांब करायचा असतो तो उच्छ्वास.

पाठ टेकून बसा, एक हात बेंबीवर. नाकाने मनात चार मोजेपर्यंत हळू आत, पोटावरचा हात वर यायला हवा. मग सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास. रोज सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच मिनिटं, बरं वाटत असतानाच. झटका आल्यावर पहिल्यांदा करून बघणं म्हणजे पूर आल्यावर पोहायला शिकणं. तीन आठवडे सराव झाला की तो अडीनडीला कामाला येतो. चक्कर आली तर श्वास खोल जातोय असं समजा, मोजणी तीच ठेवून हवा कमी घ्या. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नका, दमा किंवा हृदयविकार असेल तर तो घातक ठरतो.

काळजीची वेळ

रोज संध्याकाळी ठरलेल्या जागी वीस मिनिटं फक्त काळजी करायची. बिछान्यावर नाही, आणि झोपेच्या निदान दोन तास आधी. दिवसभर आलेली काळजी एका ओळीत टिपून ‘साडेसहाला बघू’ म्हणून पुढे ढकलायची. साडेसहाला यादी घेऊन प्रत्येक ओळीपुढे विचारायचं: यावर उद्या करता येईल असं काही आहे का? असेल तर काम, वार आणि वेळ लिहा. नसेल तर ओळ तशीच ठेवा. वीस मिनिटं झाली की उठून कामाला लागा, यादी अर्धी राहिली तरी. पहिल्या आठवड्यात ढकललेली काळजी ऐकत नाही, पुन्हा पुन्हा येते. दर वेळी तेच वाक्य म्हणा, तिच्याशी वाद घालू नका.

झोप, चहा, खर्रा आणि नागपूरचा उन्हाळा

चहातल्या कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. सहाचा चहा अकराला अर्धा अंगात असतो. शेवटचा कप दुपारी तीनच्या आत घ्या. दिवसाला सहा कप असतील तर एकदम बंद करू नका, डोकं दुखेल आणि चिडचिड वाढेल. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप कमी करत दोनवर या.

खर्ऱ्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाबद्दल, स्पष्ट बोलायला हवं. ‘टेन्शन आलं की खातो’ असं म्हणणाऱ्याला खरंच बरं वाटतं, पण ते वेगळ्या कारणाने. निकोटिन नाडी वाढवतं, आणि त्याचा असर उतरला की अस्वस्थपणा येतो. पुढचा खर्रा तो अस्वस्थपणा घालवतो, जो मागच्याने आणलेला असतो. वहीत खर्ऱ्याच्या वेळा आणि चिडचिडीच्या वेळा शेजारी शेजारी लिहा, संबंध डोळ्यांना दिसेल. सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, चिंता असलेल्यांना जास्त त्रास होतो आणि त्याचं कारण साधं असतं. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. रात्री भिंती तापलेल्या असल्या की ते उतरत नाही, तुटक झोपेने दुसऱ्या दिवशी राग ओठांवर असतो. शिवाय अंगातलं पाणी कमी झालं की छाती धडधडते, डोकं हलकं होतं, आणि चिंतेच्या माणसाला वाटतं, झटका आला. पारा ४५ च्या आसपास असेल तर धडधड सुरू होताच आधी सावलीत बसा, दोन ग्लास पाणी किंवा मीठ-साखर घातलेलं कैरीचं पन्हं घ्या आणि पंधरा मिनिटं थांबा. बरेचदा तेवढ्यानेच उतरते. मात्र अंग तापून कोरडं पडलं, बोलण्यात गोंधळ झाला, तर ती उष्माघाताची लक्षणं आहेत, लगेच दवाखाना गाठा.

कुलर लावताना समोरची खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवा. बंद खोलीत दमट हवा साचते, घुसमटतं, आणि पहाटे तीनला जीव घाबरून जाग येते. जाग आलीच तर घड्याळ पाहू नका. वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा आणि डोळे जड झाले की परत या. मोबाइल हातात घेतला तर ती रात्र गेली. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवा, रविवारीही.

चालणं औषधासारखं मोजून घ्या: आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत. फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स, जे घराजवळ असेल ते. लांबची सुंदर जागा निवडली की आठ दिवसांत सुटते.

घरात भडका उडतो तेव्हा

ज्याला राग येतो त्याने दोन वाक्यं पाठ करावीत: ‘मी आत्ता तापलोय. वीस मिनिटांनी येतो.’ आणि वीस मिनिटांनी खरंच परत यावं. परत न येता तसंच झोपून जाणं म्हणजे विषय टाळणं झालं, घरच्यांना ते अबोल्याइतकंच लागतं. त्या वीस मिनिटांत मनात भांडण चालू ठेवलं तर शरीर थंड होत नाही. जिने चढ-उतर करा, भांडी घासा, हातांना काम द्या. परत आल्यावर रागाखालची भीती एका वाक्यात सांगा: ‘सिलिंडरचं काही नाही, या महिन्यात हप्ता जाईल की नाही याची भीती वाटते.’ हे वाक्य पहिल्यांदा बोलायला फार जड जातं. त्यासाठी आधी वहीत लिहा.

घरातल्यांनी ‘लोड घेऊ नको’, ‘तुला काय कमी आहे?’ ही दोन वाक्यं बंद करावीत. पहिल्याने माणूस एकटा पडतो, दुसऱ्याने अपराधी. त्याऐवजी विचारा, ‘आत्ता ऐकू, की काही करू?’ मारहाण, वस्तू फेकणं, मुलांवर हात उगारणं याला मात्र चिंतेचं कारण चालत नाही. तिथे आधी सुरक्षित जागी जायचं, समजूत नंतर.

डॉक्टरांकडे कधी आणि कुठे

पद्धत सहा-आठ आठवडे नीट करूनही वहीतले आकडे हलले नाहीत, कामावर दांड्या पडू लागल्या, वजन किंवा झोप सतत उतरत चालली, दारू वाढली, तर थांबू नका. त्याआधी फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉईड जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, हात थरथरणं, चिडचिड हे सगळं हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. छातीत दुखणं पहिल्यांदाच आलं असेल, हात किंवा जबड्याकडे जात असेल, वय चाळिशीपुढचं असेल, तर ‘टेन्शनचं आहे’ असं घरी ठरवू नका. १०८ ला फोन करा, आधी ईसीजी.

नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. १८६४ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्याच्या परिसराला लोक अजून ‘पागलखाना’ म्हणतात आणि त्या एका शब्दापायी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतात. ओपीडीत दाखवायला गेलं म्हणजे भरती होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क तुम्हाला आहे, त्यामुळे लग्न ठरायचं आहे म्हणून उपचार लांबवू नका. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

मनात जीव देण्याचे विचार येत असतील, किंवा घरातलं कुणी तसं बोललं, तर त्याच दिवशी मदत घ्या. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात ठेवा, १४४१६ लावा किंवा सरळ मेडिकल-मेयोच्या तातडीच्या विभागात न्या. ‘असं काही मनात येतं का?’ असं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उलट माणूस बोलू लागतो.

औषधांबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं असर दाखवायला दोन ते सहा आठवडे घेतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थपणा थोडा वाढू शकतो आणि पुष्कळ लोक नेमकं तेव्हाच औषध सोडतात. त्रास जास्त वाटला तर स्वतः बंद न करता डॉक्टरांना फोन करा. बरं वाटल्यावरही सहसा काही महिने ती चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अर्ध्या तासात आराम देतात आणि म्हणूनच सवय लावतात. ती थोड्या आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. शेजाऱ्याची गोळी घेणं, दारूबरोबर घेणं किंवा महिनोन्महिने घेतलेली एका दिवसात बंद करणं धोक्याचं आहे, फिट (आकडी) येऊ शकते. समुपदेशनात विचार आणि वर्तनावर काम करणारी पद्धत साधारण आठ ते सोळा बैठकींची असते, आणि तिच्यातही हीच वही आणि हीच शिडी असते.

पहिल्या भेटीला दहा-पंधरा मिनिटंच मिळतात आणि घाबरलेला माणूस नेमकं महत्त्वाचं विसरतो. म्हणून एका कागदाच्या एकाच बाजूवर लिहून न्या: त्रास कधीपासून, वहीतल्या सर्वांत वाईट तीन नोंदी, झोप किती तास, चहा, खर्रा, दारू किती, खरे आकडे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं, आयुर्वेदिक धरून, घरात कुणाला असा त्रास होता का, आणि या दुखण्यामुळे तुम्ही करायचं सोडलेलं एक काम, जे तुम्हाला परत करायचं आहे. कागद डॉक्टरांच्या हातात द्या. सोबत त्या माणसाला न्या, ज्याने ‘कधीपासून?’ याचं उत्तर दिलं होतं.